कपातीचे विवरण आहे, हजेरीपट कोठे आहे?

मार्चअखेर जवळ आली की परभणीच्या सरकारी कार्यालयांतून एक विशिष्ट प्रकारची धावपळ सुरू होते. बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, पाटबंधारे, महानगरपालिका यांच्या लेखाशाखांपुढे गुत्तेदारांची रीघ लागते. कंत्राटदाराला आमच्या मराठवाड्यात गुत्तेदार म्हणतात, आणि या लेखात मी तोच शब्द वापरणार आहे. बिले मंजूर होतात, बिलांतून कर कापला जातो आणि मे महिन्याच्या अखेरीस त्या कपातीचे तिमाही विवरण आयकर खात्याकडे जाते. विवरणात गुत्तेदाराचे नाव, त्याचा पॅन क्रमांक, रक्कम, दिल्याची तारीख, कपातीचा दर आणि कापलेला कर यांचा तपशील असतो. पॅनचे एक अक्षर चुकले तरी त्यातून तंटा उभा राहतो. एवढी काटेकोर व्यवस्था आपल्या शासनाने उभी केली आहे. मात्र ज्यांनी तो रस्ता केला, ती शाळाखोली बांधली, तो नाला खोदला, त्यांतील एकाही मजुराचे नाव त्या विवरणात नसते. त्याच्यासाठी रकानाच ठेवलेला नाही. या न ठेवलेल्या रकान्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

प्रथम या व्यवस्थेची माहिती थोडक्यात घेऊ. कारण आपल्या कार्यकर्त्यांचा असा समज असतो की ही हिशेबनिसांची बाब आहे, तिच्याशी चळवळीचा संबंध नाही. गुत्तेदाराला पैसे देतानाच आयकर कापून घेण्याची तरतूद १९७२ च्या वित्त कायद्याने आली. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम १९४ सी घालण्यात आले व ते १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आले. पुढे मर्यादा व दर बदलत गेले. एका वेळी ३०,००० रुपयांहून अधिक किंवा वर्षभरात एकूण १ लाख रुपयांहून अधिक रक्कम दिली तर, गुत्तेदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास १ टक्का आणि इतरांच्या बाबतीत २ टक्के, अशी कपात ठरली. तिचे विवरण जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि मे या महिन्यांत दाखल करावयाचे. विलंब झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. गुत्तेदाराला कपातीचे प्रमाणपत्र द्यावयाचे, आणि त्याच्या नावावर जमा झालेला कर त्याला घरबसल्या पाहता येईल अशी सोय करावयाची. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ चा आयकर कायदा झाला व त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यात करकपातीच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. कलमाचा क्रमांक बदलला, तत्त्व तेच राहिले.

सरकारी कामांवर एवढ्याने भागत नाही. अडीच लाख रुपयांहून मोठ्या कंत्राटावर १ ऑक्टोबर २०१८ पासून वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात लागू झाली. तिचे विवरण निराळे, दरमहा, पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत. शिवाय बांधकामाच्या खर्चावर १ टक्का कामगार कल्याण उपकर कापला जातो. म्हणजे वस्तू व सेवा कर सोडून १० लाखांचे बिल असेल तर एकट्या गुत्तेदाराचे १०,००० रुपये आयकरापोटी, २०,००० वस्तू व सेवा करापोटी आणि १०,००० उपकरापोटी कापले जातात. तीन कपाती, तीन हिशेब, तीन तारखा.

या कपातीला माझा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. अर्थशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली. ज्याचा पगार कागदावर असतो त्याचा कर पहिल्या तारखेला कापला जातो आणि ज्याचा नफा कागदाबाहेर असतो तो मोकळा राहतो, हा अन्याय दूर करण्यासाठी उगमापाशी कपात आवश्यकच आहे. माझा आक्षेप निराळा आहे. जे शासन गुत्तेदाराच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक रुपयाचा माग काढू शकते, ते त्याच्या हातातून मजुराकडे जाणाऱ्या, किंवा न जाणाऱ्या, रुपयाचा माग काढीत नाही. ही असमर्थता नाही. ही निवड आहे.

या निवडीत मीही सहभागी होतो, हे सांगितल्याखेरीज मला पुढे लिहिण्याचा अधिकार नाही. २०११ साली मी आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचा काही महिने प्रभारी प्राचार्य होतो. ग्रंथालयाच्या दोन खोल्यांचे बांधकाम चालू होते. गुत्तेदाराचे शेवटचे बिल ६ लाख ४० हजारांचे होते. त्यावर मी सही केली, १ टक्क्याप्रमाणे ६,४०० रुपये कापले, चलन भरले, विवरण वेळेवर दाखल केले. लेखापालाने फाईल बंद करताना म्हटले, ‘सर, एकही त्रुटी नाही.’ दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा माणसे महाविद्यालयाच्या ओसरीवर येऊन बसली. त्यांत चार बायका होत्या, जिंतूरच्या बाजूच्या. शेवटच्या तीन आठवड्यांची मजुरी न देता गुत्तेदार निघून गेला होता व फोन उचलीत नव्हता.

मी फाईल मागविली. तीत गुत्तेदाराचा पॅन होता, बँक खाते होते, करारनामा होता, कपातीच्या प्रमाणपत्राची प्रत होती. या अकरा जणांपैकी कोणाचे नाव नव्हते, कोणी किती दिवस काम केले याची नोंद नव्हती, मजुरीचा दर लिहिलेला नव्हता. सर्वांत वडील बाई फाईलकडे पाहून म्हणाली, ‘सर, एवढ्या कागदात आमचं नाव कुठंच न्हाई का?’ कामगार कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला वीस मजूर लागतात. हे अकराच होते. किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू होता, परंतु दाव्यासाठी हजेरीचा पुरावा हवा होता. संस्थेच्या चालकांनी ‘आपण पैसे दिले आहेत, आपला संबंध संपला’ असा निर्वाळा दिला. काही प्राध्यापकांनी वर्गणी काढून त्या लोकांना गावी पाठविले. ती मजुरी नव्हती, ती भीक होती. आणि ती घेताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होते ते मी विसरलेलो नाही. शासनाच्या दृष्टीने माझी फाईल निर्दोष होती. ज्या व्यवस्थेत अशी फाईल निर्दोष ठरते, ती व्यवस्था सदोष आहे, हे समजण्यास मला अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा उपयोग झाला नाही; ओसरीवरची ती सकाळ पुरली.

आता कोणी म्हणेल की मजुरांची नोंदवही ठेवण्याचे बंधन कायद्यात आहेच. होय, आहे. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यात होते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेतही आहे. पण येथेच खरी मेख आहे. कपातीचे विवरण ‘दाखल’ करावयाचे असते. हजेरीची वही ‘ठेवावयाची’ असते. जे दाखल करावयाचे ते शासनाच्या दप्तरी ठरल्या तारखेला येऊन पडते व न आल्यास दंड आपोआप सुरू होतो. जे ठेवावयाचे ते गुत्तेदाराच्या घरच्या कपाटात राहते व कोणी निरीक्षक कधी काळी मागेल तेव्हा एका रात्रीत लिहूनही निघते. कराची बाब असली की शासन गुत्तेदारावर विश्वास ठेवीत नाही. मजुरीची बाब आली की त्याच गुत्तेदाराच्या प्रामाणिकपणावर त्याचा गाढ विश्वास बसतो! त्यातच कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा वीस मजुरांवरून महाराष्ट्राने आधीच पन्नासावर नेली होती, आणि नव्या संहितेनेही पन्नासच ठेवली. गावोगावी दहा-पंधरा माणसे घेऊन काम करणारे टोळीचे गुत्तेदार या जाळ्यातून सहज बाहेर राहतात.

कायद्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. कलम १९४ सी मध्ये ‘काम’ या शब्दात कामासाठी केलेल्या ‘मजुरांच्या पुरवठ्याचा’ समावेश केलेला आहे. खडीचा पुरवठा, वाळूचा पुरवठा, तसा मजुरांचा पुरवठा. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मनुष्यबळ पुरविणाऱ्यांच्या कपातीबाबत संदिग्धता राहू नये म्हणून खास खुलासा प्रस्तावित झाला, की त्यांच्यावर १ किंवा २ टक्क्यांचाच दर लागावा. पुरवठादाराच्या शंकेचे निरसन अर्थमंत्र्यांनी संसदेत करावे आणि पुरविल्या गेलेल्या माणसाचे नाव कोणत्याही कागदावर असू नये, हे आपल्या काळाचे चित्र आहे. सोनपेठ, गंगाखेड, पाथरीकडून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची कथा याहून वेगळी नाही. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, उचल मुकादमाच्या हातून मिळते, हिशेबही मुकादमाच्याच वहीत. त्या वहीत बाईचे नाव नसते. ती अर्धा कोयता असते.

याला दुसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि तो याच महाराष्ट्राने जगाला दाखविला होता. ज्या १९७२ साली गुत्तेदाराच्या करकपातीचे कलम जन्मास आले, त्याच साली मराठवाड्यावर दुष्काळ कोसळला. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. माझी माय रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात असे आणि सुकडीच्या आशेने मी तिच्यामागे जात असे. मला आठवते ती सकाळची हजेरी. कारकून मोठ्या आवाजात मस्टरवरची नावे वाचीत असे. घरात आणि गल्लीत जी अमक्याची आई किंवा तमक्याची सून होती, तिला तेथे स्वतःचे नाव होते आणि त्या नावापुढे तिचे दिवस मांडलेले असत. त्या हजेरीत लबाडी होत नसे असे मी म्हणणार नाही, होत असे. पण मायला तिचे सात दिवस मांडलेले सहा दिसले तर ती भांडू शकत होती. भांडण्यासाठी कागद होता.

त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांच्या चिकाटीला यश येऊन १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. या योजनेच्या कामांवर गुत्तेदाराला मज्जाव होता. मजुरी आणि मजूर यांच्यामध्ये कोणी उभा राहू नये, हे तिचे मर्म होते. योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. निवृत्त होईपर्यंत माझ्या पगारातून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये या कराने जात आणि मला त्याचा कधी खेद वाटला नाही. कारण माझ्या कपातीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हजेरीपट आहे, हे मला ठाऊक होते. कर आणि श्रम यांचा असा सरळ संबंध जोडणारे अर्थकारण हे आपल्या राज्याचे मोठे संचित आहे. पुढे कामे पुन्हा गुत्त्यावर जाऊ लागली तसा तो संबंध तुटत गेला. कपात राहिली, हजेरीपट गेला.

तो गेल्याचा परिणाम काय होतो, हे कल्याण उपकराच्या बाबतीत उघड दिसते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. कामगार वयाने १८ ते ६० वर्षांचा हवा आणि मागील बारा महिन्यांत त्याने किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले हवे, अशी नोंदणीची अट ठरली. सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तशीच उचलली. उपकर बिलातून आपोआप कापला जातो. ९० दिवसांचा दाखला मात्र मजुराने आणावयाचा! तो कोणाकडून? गुत्तेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून. आमच्या गल्लीतील एक बिगारी बाई हा अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती. वर्षभरात पाच गुत्तेदारांकडे तिने काम केले होते. एकही सही करावयास तयार नव्हता, कारण सही म्हणजे ‘ही माझी मजूर आहे’ अशी कबुली. तिच्या घामावर उपकर भरला गेला होता, त्याची पावती शासनाकडे होती. त्या पावतीवर तिचे नाव असते तर तिला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नसते.

आणि गुत्तेदाराला वगळून मजुरांनी स्वतःच काम घ्यावे असे ठरविले तर? त्यासाठी मजूर सहकारी संस्था आहेत. आयकर कायद्याच्या कलम ८० पी ने सभासदांच्या सामुदायिक श्रमातून होणारा अशा संस्थेचा नफा करमुक्त केला. फार चांगले केले. पण कपात करताना संस्था ही ‘व्यक्ती’ नाही, म्हणून तिला २ टक्के. एकट्या गुत्तेदाराला १ टक्का. म्हणजे ज्याच्यावर कर आहे त्याची कपात निम्मी आणि जिच्यावर कर नाही तिची दुप्पट! दहा लाखांच्या बिलातून संस्थेचे २०,००० रुपये अडकून पडतात. ते परत मिळविण्यासाठी विवरण भरावयाचे. आणि ते मुदतीत न भरले तर करमाफीही जाते. कमी दराने कपात व्हावी म्हणून आधी अर्ज करता येतो हे खरे, परंतु त्यासाठी लागणारा कर सल्लागार श्रीमंत गुत्तेदाराच्या दारात असतो, मजुरांच्या संस्थेच्या नाही. अनेक मजूर संस्था कागदोपत्री आहेत, त्यांच्याआड गुत्तेदार व पुढारीच बसले आहेत, हेही मी जाणतो. मात्र खरी संस्था आणि खोटी संस्था ओळखण्याची कसोटी कोणती? पुन्हा तीच: मजुरांची नावे आणि हजेरी.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, कराचे विवरण करासाठी असते, त्यात मजुरी आणू नये. मग नोकरदारांच्या पगारावरील कपातीच्या विवरणात प्रत्येक नोकरदाराचे नाव व पगार कसा असतो? भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक विवरणात प्रत्येक सभासद नावानिशी कसा असतो? बाबू नावाने नोंदविता येतो आणि बिगारी येत नाही, हा तंत्राचा प्रश्न नसून वर्गाचा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप, लहान गुत्तेदारांवर कागदांचा बोजा वाढेल. ही तक्रार खरी आहे. कालचा गवंडीच आज लहान गुत्तेदार झालेला असतो आणि बिल हाती पडेपर्यंत उसनवारीवर जगतो. त्यासाठी तीन कपातींचे हिशेब एकत्र करा, एकच सोपा मासिक तक्ता करा, आणि त्यात मजुरांची यादी घ्या. बोजा कमी करावयाचा तर तो मजुराचे नाव खोडून का करावयाचा? तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: याद्या बनावट होतील. रोजगार हमीच्या मस्टरवरही बनावट नावे चढली, हे नाकारता येत नाही. यावरील उपाय यादी बंद करणे हा नाही. ती उघडी करणे हा आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली आणि ग्रामसभेत वाचलेली यादी फार काळ खोटी राहत नाही. गावाला माहीत असते कोण खडी फोडीत होते आणि कोण पारावर बसले होते.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. सार्वजनिक पैशाच्या कोणत्याही कामाचे बिल, मजुरांची नावे, दिवस आणि दिलेली मजुरी यांची यादी जोडल्याखेरीज मंजूर होऊ नये. मजुरांची संख्या कितीही कमी असो. ही यादी ठेवावयाची नसून कपातीच्या विवरणाप्रमाणे ठरल्या तारखेला दाखल करावयाची असावी. त्यातील दिवस हेच ९० दिवसांच्या अटीचा पुरावा मानले जावेत. मजुरी थकली असेल तर ती आधी देऊन मग गुत्तेदाराचे बिल चुकते करावे. आणि खऱ्या मजूर सहकारी संस्थांवरील कपात, कर नाही तर कपातही नाही, या न्यायाने रद्द व्हावी.

यासाठी मुंबईच्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गेल्या वर्षी पुरी झालेली पाच कामे निवडावीत व २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली, दहा रुपये भरून, दोन कागद मागावेत: गुत्तेदाराच्या कपातीचा तपशील आणि त्याच कामाचा हजेरीपट. कपातीच्या तपशिलाबाबत ‘ही त्रयस्थाची खाजगी माहिती आहे’ असे उत्तर आले तरी हरकत नाही. निदान तो कागद अस्तित्वात आहे हे सिद्ध होईल. दुसऱ्या कागदाबाबत ‘माहिती उपलब्ध नाही’ असे जेथे जेथे लिहून येईल, ते उत्तर जपून ठेवावे, त्या कामावरच्या मजुरांना गाठावे आणि त्यांच्या तोंडून यादी लिहून घ्यावी. पंचेचाळीस कामांच्या अशा याद्या घेऊन आपण जिल्हाधिकारी कचेरीसमोर गेलो, तर त्या कचेरीला प्रथमच कळेल की जिल्ह्याचे रस्ते कोणी बांधले. २०११ साली माझ्या फाईलमध्ये जो कागद नव्हता, तो लिहिण्यास आपण आता तरी बसले पाहिजे.